गॅस संपत नाही, गळतो

मार्च उजाडला की नामपूरच्या बाजार समितीबाहेर कांद्याच्या पिकअप आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. त्याच सुमारास गावातल्या आणि सटाणा-मालेगाव रस्त्यांवरच्या गॅरेजांपुढे दुसरी रांग लागते, ती चारचाकींची. तक्रार एकच : ‘एसी गार करत नाही.’ निदानही एकच : ‘भाऊ, गॅस सरी गया.’ मेकॅनिक लाल-निळ्या नळ्यांचे गेज जोडतो, सिलिंडरची चावी फिरवतो आणि पंधरा-वीस मिनिटांत जाळीतून गार वारा येऊ लागतो. दीड-दोन हजार रुपये मोजून आपण समाधानाने निघतो. पुढच्या मार्चला पुन्हा तेच.

बागलाणच्या अहिराणीत ‘सरी गया’ म्हणजे संपला. एसीचा गॅस हा घरातल्या सिलिंडरसारखा, गाडीतल्या डिझेलसारखा वापरला की संपतो, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. हे गृहीतकच चुकीचे आहे. गाडीच्या एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होऊन निकामीही होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ. छिद्र न शोधता पुन्हा गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. ही सवय आपल्या खिशाला महागात पडते हे खरेच. पण ती आजारी माणसांच्या, मेकॅनिकच्या आणि आपल्या सगळ्यांच्याच आरोग्याच्या मुळावर येते, हे सांगण्यासाठी हा लेख.

मीही तीन उन्हाळे हेच केले. गेल्या मे महिन्यात काकांना हृदयाच्या तपासणीसाठी नाशिकला न्यायचे होते. नामपूर ते नाशिक शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास. मार्चमध्येच गॅस भरला असल्याने मी निर्धास्त होतो. सटाणा मागे पडले तसा जाळीतला वारा कोमट झाला, देवळा येईपर्यंत तो तापला. काचा खाली केल्या तर भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखे वाटे. काकांची सत्तरी उलटलेली, लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि पाणी बेताने पिण्याची डॉक्टरांची ताकीद. देवळ्याला एका हॉटेलच्या सावलीत तासभर थांबलो, ओला पंचा त्यांच्या मानेवर ठेवला आणि ऊन कलल्यावर पुढे निघालो. काकांना काही झाले नाही. पण त्या तासात त्यांच्या चेहऱ्याकडे पाहताना एसी ही चैनीची वस्तू आहे, असे मला एकदाही वाटले नाही.

नाशिकला ज्या मेकॅनिकने गाडी पाहिली, त्याने गेजला हात लावण्याआधी टॉर्च घेतला. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या एका जोडावर तेलकट, धूळ बसून काळा पडलेला डाग होता. त्यावर साबणाचे पाणी लावताच बारीक बुडबुडे आले. जोडातली रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. चहा-नाश्त्याच्या पैशात येणारी ती रिंग बदलली आणि काम झाले. तीन वर्षांत पाच-सहा हजारांचा गॅस मी त्या चिरेतून मोसम खोऱ्यावर सोडला होता.

उष्णता वाहून नेणारी रहाटमाळ

एसी थंडावा निर्माण करत नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. इंजेक्शन देण्याआधी हातावर स्पिरिट लावले की गार लागते, कारण द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता घेतो. माठातले पाणी याच कारणाने गार होते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा पदार्थ असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो, म्हणून आपण त्याला गॅस म्हणतो.

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो. दाबल्याने तो तापतो. तापलेला गॅस गाडीच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे बाहेरच्या वाऱ्याला उष्णता देऊन त्याचा द्रव होतो. वाटेत ड्रायर त्यातला ओलावा टिपतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, दाब एकदम उतरतो आणि तो उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून घेतो. ब्लोअरने त्या कॉइलवरून फेकलेली हवा गार होऊन आपल्यापर्यंत येते. गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे परततो. रहाटाच्या माळेवरची गाडगी जशी तीच ती वर येतात आणि तीच ती खाली जातात, तसे हे चालते. पाणी उपसले म्हणून गाडगी संपत नाहीत.

रबरी नळ्यांतून आणि जोडांतून वर्षाला काही ग्रॅम गॅस झिरपतो, हे खरे. पण किती? युरोपीय महासंघाने २००६ मध्ये गाड्यांच्या एसीसाठी जो कायदा केला, त्यात एक कूलिंग कॉइल असलेल्या गाडीसाठी गळतीची मर्यादा वर्षाला ४० ग्रॅम ठेवली. छोट्या-मध्यम गाडीत साधारण ४०० ते ६०० ग्रॅम गॅस असतो. म्हणजे या मर्यादेच्या काठावरची गाडीसुद्धा दोन-तीन वर्षे सहज निघायला हवी, आणि चांगली गाडी त्याहून पुष्कळ जास्त. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर ती झीज नाही, बिघाड आहे.

याच मोसम खोऱ्यात शेकडो वर्षे फड पद्धतीने पाणी वाटले गेले. पाटाला भगदाड पडले म्हणून बंधाऱ्यातून जास्त पाणी सोडा, असे तिथे कुणी म्हणाले नसते. आधी भगदाड बुजवायचे, मग पाणी सोडायचे. गाडीच्या बाबतीत ही साधी शिस्त आपण विसरलो.

प्रत्येक वेळी दोष गॅसचा नसतो

‘गार करत नाही’ ही एकच तक्रार अनेक दुखण्यांची असू शकते. ताप आला की प्रत्येकाला मलेरियाची गोळी देत नाहीत, तसेच इथेही आधी लक्षणे पाहावीत.

वारा गार आहे पण जोर नाही, असे असेल तर बहुधा केबिन फिल्टर तुंबलेला असतो. कांद्याच्या हंगामात आपल्या रस्त्यांवर उडणारी धूळ आणि वाळलेले पापुद्रे पाहता हा फिल्टर इथे लवकर भरतो. तो बऱ्याच गाड्यांत सामानाच्या कप्प्यामागे असतो आणि हाताने काढता येतो. गाडी पळताना गार करते आणि उभी राहिली की कोमट, असे असेल तर कंडेन्सरचा पंखा बंद असण्याची किंवा कंडेन्सरच्या पात्यांत माती अडकल्याची शक्यता मोठी. पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने तो धुतला तरी अनेकदा काम भागते. मात्र जोराचा प्रेशर मारला तर नाजूक पाती वाकतात.

सुरुवातीला छान गार आणि अर्ध्या तासाने वाराच कमी, असे झाले तर कॉइलवर बर्फ धरत असावा. थोडा वेळ एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला की वारा परत येतो. तिथे तापमान ओळखणारा सेन्सर तपासावा लागतो. एसी मधेच गार, मधेच गरम होत असेल तर आत शिरलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठत-वितळत असू शकते. बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरचा ‘टक’ आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज, रिले, क्लच पाहावा. गॅस फारच कमी झाला तरी कॉम्प्रेसर लागत नाही, कारण दाब ओळखणारा स्विच त्याला मुद्दाम थांबवतो. वायर जोडून हा स्विच ‘बायपास’ करून देणारे महाभाग आहेत. गॅसबरोबरच कॉम्प्रेसरचे तेल फिरत असते. गॅस कमी असताना तो जबरदस्तीने चालवला तर तेलावाचून जाम होतो, आणि मग खर्च गॅसच्या कित्येक पट जातो.

गारवा आठवड्या-महिन्यांनी हळूहळू उतरत गेला, तर मात्र गळतीचा संशय पक्का धरावा. तेल गॅससोबत बाहेर पडते, म्हणून जोडांवरचा तेलकट डाग ही तिची सही असते. गाडीखाली टपकणारे स्वच्छ पाणी पाहून घाबरू नये. ती कॉइलवर जमलेली हवेतली वाफ असते. तेच पाणी आत पायाशी साचत असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. ती लगेच मोकळी करावी. ओल राहिली की कॉइलवर बुरशी वाढते आणि एसी लावताच कुबट वास येतो. दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या माणसाला तो वास नुसता नकोसा नसतो, त्रासदायक ठरतो. त्यावर सुगंधी डबी टांगणे हा उपाय नव्हे. फिल्टर बदलणे आणि कॉइल साफ करणे हा उपाय.

काटा दाब सांगतो, वजन नाही

आता त्या लाल-निळ्या गेजबद्दल. त्यांचा काटा पाहून ‘गॅस फुल झाला’ असे सांगितले जाते. यात विज्ञानाची एक मेख आहे. बंद जागेत द्रव आणि वाफ एकत्र असतील, तोवर आतला दाब मुख्यतः तापमानावर ठरतो, आत एकूण माल किती आहे यावर नाही. घरातल्या सिलिंडरचेच पाहा. तो अर्धा झाला म्हणून शेगडीची ज्योत अर्धी होत नाही. शेवटचा थेंब उडेपर्यंत ती तशीच राहते. म्हणून सिलिंडर घेताना आपण त्याचे वजन करून घेतो, दाब मोजत नाही.

गाडीलाही हाच न्याय लागू आहे. बॉनेटखाली एक लेबल असते. त्यावर कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे छापलेले असते. योग्य रीत अशी : आत उरलेला गॅस यंत्राने काढून घ्यायचा, गळती शोधून दुरुस्त करायची, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओलावा खेचून काढायचा, निर्वात अवस्था काही वेळ टिकते का ते पाहायचे आणि मग वजनकाट्यावर मोजून तेवढेच ग्रॅम भरायचे. गेज निदानाला हवेच, पण माप काट्याचे.

‘थोडा जास्त भरा, उन्हाळा कडक आहे’ असे गिऱ्हाईकच सांगते. जास्त भरल्याने जास्त गार होत नाही. कंडेन्सरमध्ये द्रव तुंबतो, दाब वाढतो, गारवा उतरतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. व्हॅक्यूम न करता भरले तर आत राहिलेली हवा दाब वाढवते, तिच्यातला ओलावा तेलात मुरतो आणि आतून गंज धरतो. म्हणजे पुढच्या गळतीची सोय आपणच करून ठेवतो.

कोणाच्या जिवाशी खेळ?

एप्रिल-मेमध्ये शेजारच्या मालेगावचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. माणसाच्या कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की ती शरीराची उष्णता घेत नाही, उलट देऊ लागते. मग शरीरापाशी घामाचा एकच मार्ग उरतो. म्हातारपणी घाम कमी येतो, तहान उशिरा लागते. लघवी वाढवणारी औषधे आणि मानसिक आजारांवरची काही औषधे हा मार्ग आणखी अरुंद करतात. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस बरळू लागला की तो उष्माघात समजावा आणि अंग गार करता करताच रुग्णालय गाठावे.

आता नामपूरच्या बाजूने पाहू. इथल्या गंभीर रुग्णाला मालेगाव किंवा नाशिक गाठावे लागते. डायलिसिसचा रुग्ण, नवव्या महिन्यातली बाई, तापाने फणफणलेले मूल हा प्रवास भर दुपारी करतात, कारण आजार वेळ पाहून येत नाही. अशा माणसासाठी गाडीचा एसी हा उपचाराचाच भाग आहे. तो देवळ्याजवळ बंद पडणार की नाही, हे मार्चमध्ये गॅरेजात ठरलेले असते.

उभ्या गाडीचा धोका तर याहून वेगवान. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. ‘एसी आत्ताच चालू होता, दोन मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला गाडीत ठेवून कांद्याची पट्टी आणायला जाणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. आणि गाडी सुरू ठेवून, एसी लावून बंद शेडमध्ये झोपणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मेकॅनिकच्या जिवाचा विचार तर आपण करतच नाही. सुटलेला द्रवरूप गॅस कातडीवर किंवा डोळ्यावर उडाला तर क्षणात बर्फाने भाजल्यासारखी जखम होते. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गाडीखालच्या खड्ड्यात तो साचला तर तिथला ऑक्सिजन हटवतो. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर ज्वाळेत त्याचे विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी, फुप्फुसे जाळणारा वायू तयार होतो. उघड्या हातांनी, चष्मा न घालता, तोंडात बिडी धरून हे काम करणारी मुले आपण पाहतो, आणि ‘लवकर आटप’ एवढेच त्यांना सांगतो.

स्वस्त गॅसचा मोह त्याहून वाईट. ज्वलनशील मिश्रण भरले तर तेही गार करते, पण कूलिंग कॉइल गाडीच्या आत असते. ती गळली की तो गॅस थेट बसणाऱ्यांच्या पायाशी येतो. भेसळ काय करू शकते याचे उदाहरण २०११ मध्ये जगाने पाहिले. नाशवंत माल समुद्रमार्गे नेणाऱ्या रेफ्रिजरेटेड कंटेनरांमध्ये आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड निघाले. यंत्रातल्या ॲल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन हवा लागताच पेटणारा पदार्थ तयार झाला आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये दुरुस्ती करणाऱ्या कामगारांचे बळी गेले. आपल्या जिल्ह्यातली द्राक्षे याच प्रकारच्या कंटेनरांतून परदेशी जातात.

गळालेला गॅस कुठे जातो?

एकेकाळी गाड्यांत आर-१२ हा क्लोरीनयुक्त गॅस असे. असे गॅस ओझोनचा थर खातात, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला, आणि या दोघांना पॉल क्रुटझेन यांच्यासह १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आर-१२ ची जागा आर-१३४ए ने घेतली. तो ओझोनला हात लावत नाही. पण हवा तापवण्यात, शंभर वर्षांचा हिशेब धरला तर, एक किलो आर-१३४ए हा एक किलो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट भारी पडतो.

घरगुती हिशेब मांडू. वर्षाला ४०० ग्रॅम गळाला तर तो ५६० किलो कार्बन डाय-ऑक्साइडच्या बरोबरीचा. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. म्हणजे ही गळती जवळपास २४३ लिटर पेट्रोल जाळण्याइतकी झाली. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी, लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी धुरातून सुमारे १,५३० किलो सोडते. गळका एसी त्यात एक तृतीयांशाहून जास्त भर घालतो, आणि त्या बदल्यात आपल्याला एक किलोमीटरही पुढे नेत नाही. ऊन वाढले म्हणून एसी, आणि एसी गळला म्हणून ऊन, असे हे चक्र आहे. एका गाडीने जग तापत नाही हे मान्य. पण मार्चमधली ती रांग एका गाडीची नसते.

हे गॅस कमी करण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये किगाली इथे मॉन्ट्रियल कराराला दुरुस्ती जोडली गेली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. त्यानुसार २०२८ मध्ये आपला वापर गोठवायचा, २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. माल आखडला की भाव वाढतो आणि भेसळीला वाव मिळतो, हे कांद्याच्या गावाला सांगायला नको. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत वेगळा, थोडा ज्वलनशील आणि बराच महाग गॅस भरला जातो. उद्या तो इथेही सरसकट येईल. तेव्हा अंदाजाने भरण्याची सवय आजच्यापेक्षा जास्त महागात पडेल.

दुसरा बदल तर येऊन ठेपला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकच्या चालकाच्या केबिनला एसी असणे सक्तीचे झाले आहे. उन्हात कांदा घेऊन उत्तरेकडे निघणाऱ्या चालकासाठी हा फार चांगला निर्णय आहे. उष्णतेने पेंगुळलेला चालक स्वतःच्या आणि समोरच्याच्या जिवाला धोका असतो. पण काही वर्षांनी हे एसी दुरुस्तीला कुठे येणार? हमरस्त्यावरच्या आणि बाजार समित्यांच्या गावांतल्या याच छोट्या गॅरेजांत.

मग करायचे काय?

युरोपच्या त्या २००६ च्या कायद्यात एक साधे कलम आहे : एसीतून नेहमीपेक्षा जास्त गॅस गळाला असेल तर गळती दुरुस्त होईपर्यंत तो पुन्हा भरायचा नाही. माझ्या मते आपल्याकडे असा नियम हवा. यावर हमखास येणारा आक्षेप असा की, लाखाची यंत्रे खेड्यातल्या गॅरेजवाल्याने आणायची कुठून? आक्षेप खरा आहे. केवळ नियम करून दंडाची पावती फाडली तर गॅरेज बंद पडेल किंवा काम चोरून होईल. म्हणून आधी प्रशिक्षण आणि साधने, मग सक्ती, हा क्रम असावा. केंद्र सरकारने २०१९ च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे ठरवले होते. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पण वयाच्या पंधराव्या वर्षी पान्हा हातात घेतलेला नामपूरचा मेकॅनिक दोन वर्षे वर्गात बसणार नाही. त्याच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी, हंगाम सोडून, चार-पाच दिवसांचे वर्ग घ्यायला हवेत. गॅस काढून घेणारे एक यंत्र चार-सहा गॅरेजांनी मिळून घेतले, तर त्याला कर्ज आणि अनुदान मिळावे. ट्रॅक्टरची अवजारे शेतकरी गट मिळून घेतात, तसेच हे.

तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. टॉर्च, साबणाचे पाणी, वजनकाटा, व्हॅक्यूम पंप आणि गळती शोधायला नायट्रोजनचा सिलिंडर, एवढ्यावर बरेच निभते. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन मात्र कधीही वापरू नये. दाबाखाली तेलाशी गाठ पडली की तो स्फोट घडवू शकतो. छिद्र बुजवणारी डब्यातली औषधे टाळावीत. ती आतल्या बारीक वाटाही बुजवतात. हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, म्हणजे तेल फिरते आणि रबरी सील सुकत नाहीत.

सर्वांत मोठा बदल आपल्याला, गिऱ्हाइकांना, करायचा आहे. मेकॅनिक गळती का शोधत नाही? कारण शोधायला दोन-तीन तास जातात आणि त्या तासांचे पैसे आपण देत नाही. गॅस दिसतो, त्याचे पैसे देतो. ‘नुसते बघायचे एवढे पैसे?’ असे विचारतो. डॉक्टरांची तपासणी फी देताना कुरकुर करून इंजेक्शनचे पैसे मात्र हसत देण्यासारखे हे आहे. हुशार मेकॅनिकला आपणच अशा रीतीने गॅसविक्या बनवले.

तेव्हा येत्या मार्चमध्ये रांगेत उभे राहिल्यावर तीन प्रश्न विचारा. गॅस गेला कुठून? किती ग्रॅम भरणार आणि काट्यावर दाखवणार का? भरण्याआधी व्हॅक्यूम करणार का? उत्तरे मिळाली तर शोधण्याच्या मेहनतीचे वेगळे पैसे न मागता द्या. ‘सरी गया’ एवढेच उत्तर आले, तर गाडी वळवून दुसरीकडे न्या. आमच्या गाडीतला गॅस या मार्चला भरावा लागला नाही. काकांची पुढची तपासणी मे महिन्यात आहे.